पावशीवालीचा हात

पावशीवाली एका जागी बसलेली मी दोनच ठिकाणी पाहिली. एक पावशीवर, दुसरं दवाखान्याच्या बाकड्यावर. बाकी बाई सदा फिरती. भाताचा घास तोंडात आणि एक पाय उंबऱ्याबाहेर. "अजी, मी आलीच," म्हणून उठायची, आणि सापडायची कुठं तर गावाच्या त्या टोकाला, दुसऱ्याच्या अंगणात, त्यांचं भांडण सोडवताना. सोडवताना म्हणजे स्वतःच त्यात शिरून. झोपेतसुद्धा तिचे पाय हलायचे.

ती माझी बायको. आम्ही ढीवर. गावच्या तलावात जाळं टाकायचं काम माझं, आणि मूल गावच्या बाजारात बसून मासोळी कापून विकायचं काम तिचं. पुण्या-मुंबईकडं जिला विळी म्हणतात तिला आम्ही पावशी म्हणतो. खाली पाट, वर पातं, पाटावर पाय दाबून बसायचं. बाजारातल्या लोकांनी तिचं नाव पावशीवाली ठेवलं आणि पुढं मीही घरात तेच म्हणायला लागलो. ती चिडली नाही. म्हणाली, "ठेवलं तं ठेवलं. धारेचं ठेवलं ना?"

तिच्यापुढं गिऱ्हाईक उभं राहायचं ते तिच्या हातासाठी. मासोळीच्या पोटात कलेजीला चिकटून पित्ताची हिरवी थैली असते, बोराएवढी. ती फुटली की सगळी मासोळी कडू. मग मीठ चोळा, हळद लावा, काही फरक पडत नाही. पावशीवाली पोटाला चीर द्यायची, बोट आत घालायची, आणि तिथं पोचली की सगळी बाई थंड व्हायची. तोंड बंद, मान स्थिर. थैली अख्खी बाहेर यायची. ती तळहातावर घेऊन गिऱ्हाइकाला दाखवायची, "पाहा, फाटलं नाई." मगच फेकायची. कोणी म्हटलं, "लवकर कर वो बाई, माझी गाडी चालली," तर उत्तर ठरलेलं, "घाई तुमच्या पायात ठेवा. माझ्या हातात देऊ नोका."

तिचं माहेर भामरागडच्या पलीकडं, नदीकाठचं. पावसाळा लागला की रस्ता तुटायचा. पलीकडं जाता येत नाही, अलीकडं कोणी येत नाही. तिची मोठी बहीण अशाच दिवसांत बाळंतपणात अडली आणि घरच्यांनी नदीकडं पाहत बसण्याशिवाय काही केलं नाही. करणार काय? पाणी उतरेपर्यंत ती संपली होती. तेव्हापासून बंद होऊन बसणं हिला सोसत नव्हतं. "रस्ता हाय ना, मंग जाते," म्हणायची. कशाला जाते ते विचारायचं नाही. रस्ता आहे म्हणून जाते.

माझा स्वभाव उलटा. मी जागचा हलत नाही, पण एकदा हात घातला की मुळापर्यंत जातो. तलावाच्या काठाला बेशरमाची झाडी माजते. वरून कापली की पंधरवड्यात पुन्हा उभी. चिखलात कमरेपर्यंत उतरून मुळं ओढावी लागतात, थोडा काठही सोबत निघतो, पण ती जागा साफ होते. जन्मभर मी हेच केलं. ती मासोळीच्या पोटातलं अलगद काढणारी, माझी काठासकट उपटणारी जात. आमचं पटायचं, कारण दोघांची कामं वेगळी होती. एका कामावर दोघं आलो तेव्हा पटलं नाही.

ते काम म्हणजे तिची गाठ.

आधी पावशीवरून मधेच उठायला लागली. गिऱ्हाईक उभं, मासोळी अर्धी कापलेली आणि बाई गायब. परत यायची, बसायची, पुन्हा उठायची. पोट साफ झालंच नाही असं वाटायचं तिला. रक्त पडत होतं ते बरेच दिवस लपवलं. मी खोदून विचारलं तर म्हणाली, "मूळव्याध हाय. दिवसभर बसून राह्यते मी, होणारच." वैदूची मुळी उगाळून झाली. शेवटी चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं बोट घालून तपासलं आणि म्हणाला, ही मूळव्याध नाही, गुदाशयात गाठ आहे. नागपूरला जा, दुर्बिणीनं बघतील.

नागपूरच्या दवाखान्यात सांगितलं, दुर्बिणीच्या आदल्या दिवशी काही खायचं नाही, फक्त पातळ प्यायचं, ज्यातून आरपार दिसेल असं. जुलाबाचं औषध दिलं. उपाशी बाई घरभर फिरत होती. तिनं काय करावं? अंबाडीची लाल बोंडं उकळली, तीनचार वेळा फडक्यातून गाळली, आणि ग्लास उजेडात धरून मला म्हणाली, "पाहा, तुमचं तोंड दिसून राह्यलं ह्यातून." दिसत होतं. खोटं कसं म्हणू? दोन तांबे प्याली.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण आत गेली तर सगळं लाल. डॉक्टरबाई घाबरल्या, नर्स धावली. रक्त कुठून येतंय ते सापडेना. पावशीवाली गुंगीत होती, पण कोणीतरी विचारलं, काय प्यालात, तर डोळे न उघडता म्हणाली, "अंबाडी. जरा आंबट झाली होती." डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. मला बाहेर येऊन म्हणाल्या, "काका, आरपार म्हणजे लाल नाही हो." मी म्हटलं, "बाई, तुमी रंगाचं बोलल्याच नाई." पुन्हा उपास, पुन्हा औषध, पुन्हा दुर्बीण. या वेळी मी तिच्यावर पहारा दिला. मला शिव्या देत साधं पाणी प्याली.

मग दोघांना समोर बसवून त्यांनी सांगितलं. दुर्बीणवाल्या डॉक्टरबाई होत्या आणि ऑपरेशनवाले डॉक्टर. गाठ कॅन्सरची, पण सुरुवातीची दिसते. काढायच्या दोन रीती आहेत.

डॉक्टरबाई म्हणाल्या, आतड्याच्या भिंतीला थर असतात. गाठ वरच्याच थरात असेल तर दुर्बिणीतून तिच्या खाली औषधाचं पाणी सोडायचं, ती उचलून धरायची आणि खालून सोलत एकसंध काढायची. पोटाला चिरा नाही, दोनचार दिवसांत घरी. मात्र ती किती खोल गेली हे बाहेर काढून तपासल्यावरच पक्कं कळेल. खोल निघाली तर ऑपरेशन करावंच लागेल. आणि नाही निघाली तरी पुन्हा पुन्हा दुर्बीण करून घ्यायला यावं लागेल.

ऑपरेशनवाले डॉक्टर म्हणाले, माझ्या रीतीत तेवढं आतडं आणि आजूबाजूच्या ग्रंथी सगळं निघतं. काही मागं राहिलं का याची धास्ती कमी. पण गाठ फार खाली आहे. काही महिने पोटावर पिशवी लावावी लागेल, शौच त्यात जमा होईल. कदाचित कायमची. पिशवी निघाली तरी काही माणसांना पुढं वेग आवरत नाही, सारखं धावावं लागतं.

मी तिथंच बोललो, "मुळासकट काढा."

पावशीवालीनं माझ्याकडं पाहिलंच नाही. डॉक्टरबाईंना विचारलं, "एकसंध निघते म्हणता? मधात फाटत नाई?"

"नाही, फाटू द्यायचंच नाही. त्यासाठीच वेळ लागतो."

"किती बी लागू द्या. मी हलणार नाई."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "पित्त थैलीत राह्यते, ही गाठ भिंतीत हाय. मासोळीचा हिशोब इथी चालत नाई."

"अन् तुमच्या डोक्यात तलावाची बेशरम उगवून राह्यली," ती म्हणाली. "जे दिसलं ते उपटा. काठ गेला तं गेला. तो काठ माझा हाय, अजी."

दवाखान्याच्या बाकड्यावर आम्हाला राजुऱ्याची चाची भेटली. बाजारोबाजार बांगड्या भरणारी. तिलाही अशीच गाठ, जवळजवळ त्याच जागी, आणि तिनं सरळ ऑपरेशन करून घेतलं होतं. पिशवी काढण्याआधीच्या तपासणीला आली होती. पावशीवालीचं ऐकून तिनं इकडंतिकडं पाहिलं, पदर जरा सरकवला आणि म्हणाली, "ये देखो बाई, मेरी नई पर्स. फरक इतनाच, इसको चोर नहीं लगते." दोघी हसल्या. पावशीवाली हसता हसता थांबली.

"बाजारात बसता?"

"बसती ना. हात को क्या हुआ? गिऱ्हाईक बांगड्या पहाते, माझं पोट थोडीच पहाते."

"तुमच्या बांगड्या धुवून घालतात," पावशीवाली म्हणाली. "माझी मासोळी लोक खातात."

बसमध्ये मूल गाव येईपर्यंत ती खिडकीच्या गजाला धरून बसली. उतरताना एवढंच बोलली, "पिशवी बांधून मी पावशीवर बसली तं माझ्या हातची मासोळी कोणी नेणार नाई. तोंडावर बोलणार नाईत. पुढं निघून जातील." हे खरं होतं. आमच्या बाजाराला मी ओळखतो.

दुर्बिणीनं काढायचं ठरलं. मी दवाखान्याच्या आवारात फेऱ्या मारत होतो. माझ्यासारखा जागचा न हलणारा माणूस फेऱ्या मारतो म्हणजे बघा. फार वेळ लागला. नंतर डॉक्टरबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, निघाली, एकसंध निघाली. आत पावशीवाली शुद्धीवर येत होती, आणि तिचा एकच धोशा, "मले दाखवा." असं दाखवतात का ते मला माहीत नाही. पण डॉक्टरबाईंनी दाखवलं. तुकडा पसरून, कडेनं टाचण्या टोचून ठेवला होता. मी भिंतीकडं तोंड केलं. ती मात्र कोपरावर उठली, कडेकडेनं नजर फिरवली, आणि म्हणाली, "फाटलं नाई." मग डॉक्टरबाईंचा हात धरला. "हात चांगला हाय बाई तुमचा." डॉक्टरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दिवसभराच्या थकव्यानंही असेल.

रिपोर्ट यायचा होता तोवर बाई बाजारात जायला निघालीच होती, मी पावशी लपवली.

रिपोर्टात कडा साफ होत्या. पण एका जागी गाठ खालच्या थरात उतरली होती, धरली होती त्यापेक्षा खोल. आता दोघा डॉक्टरांचं एकच म्हणणं पडलं. जिथून काढली तिथं काही दिसत नाही, पण बाजूच्या ग्रंथीत कॅन्सरचं बी गेलं असेल तर दुर्बिणीला ते कळायचं नाही. ऑपरेशन करून घ्या. डॉक्टरबाईंनी स्वतः सांगितलं. आपलं काम चांगलं झालं होतं तरी सांगितलं. म्हणून मी त्यांना मानतो.

"ग्रंथीत गेलंच हाय का?" पावशीवालीनं विचारलं.

"तसं म्हणता येत नाही. बऱ्याच जणांत गेलेलं नसतं. काही जणांत असतं."

"अन् मी कोणात, ते सांगता येते?"

"नाही."

"मंग मी बाजारात."

मी रागावलो, समजावलं, दोन दिवस जेवलो नाही. तिनं माझं ताट झाकून ठेवलं आणि बाजारात गेली. चाचीनं फोनवरून सांगितलं, "करवा लो बाई, आदत हो जाती." पावशीवाली तिच्याशी गोड बोलली आणि फोन मला दिला. शेवटी मी म्हटलं, "तू मेली तं मी काय करू?" हे असं तोंडावर बोललो. ती पावशीचं पातं घासत होती. म्हणाली, "अन् मी घरात पडून राह्यली, दर घडीले संडासाकडं धावत, तं मी काय करू? आमच्या गावचा पावसाळा तुमी पाह्यला नाई. मी त्यात पुन्हा जात नाई."

जबरदस्ती करायची असती तर कशी करतात, तेही मला येत नव्हतं.

नंतरचे दिवस चांगले गेले हे लिहिलंच पाहिजे. दुःख झालं म्हणून ते खोटे होत नाहीत. ती पावशीवर पहिल्यासारखी बसायची, मधेच उठत नव्हती. तपासणीचं सांगितलं होतं तेव्हा तेव्हा न चुकता नागपूरला गेली. साधं पाणी पिऊन गेली. दुर्बिणीत जागा दर वेळी साफ. डॉक्टरबाईंसाठी डब्यात तळलेली मासोळी नेऊ लागली. वाटेत कोणी विचारलं, कुठं निघाली, तर सांगायची, "मैत्रिणीकडं. थे मले आतून ओळखते."

मग एका वेळी दुर्बीण साफ, पण पोटाच्या फोटोत ग्रंथी सुजलेल्या दिसल्या आणि कलेजीवर डाग. मी ऐकलं आणि उठून बाहेर आलो. आत ती डॉक्टरबाईंना धीर देत होती. औषधाच्या सलाईन झाल्या, केस गेले, पावशी कोपऱ्यात उभी राहिली. जाण्याआधी एके दुपारी मला म्हणाली, "तुमचं खरं निघालं, अजी." मी म्हटलं, "मले नोको ते खरं." "ठेवून घ्या," म्हणाली. "पण बाजार मी माझ्या हातानं केला." थोड्या दिवसांनी गेली. पाय शेवटपर्यंत हलत होते.

तेव्हापासून घरात माझं बूड टेकत नाही. चौथी शिकलेला माणूस, हे लिहितोय तेही चारदा उठून. तलावाच्या पाळीवर जातो, परत येतो. भेटेल त्याला विचारतो, तू असता तर काय केलं असतं, दुर्बीण का ऑपरेशन? लोक कंटाळले. एक जण म्हणतो ऑपरेशन, मला राग येतो. दुसरा म्हणतो दुर्बीण, त्याचाही येतो.

मागच्या आठवड्यात राजुऱ्याहून चाची आली. पिशवी केव्हाच निघाली, तब्येत बरी. "भाऊ, बाईच्या घरची मासोळी खाल्ल्याबिगर जात नाई," म्हणाली. घरात रोहू होता. मी पावशी काढली, तिच्यासारखा पाय दाबून बसलो. चीर दिली, बोट आत घातलं, थैली लागली. हात थांबवायचा होता, पण तो माझा हात. ओढलं. फुटलं. हिरवं पाणी सगळीकडं पसरलं.

चाची पाहत होती. "नमक डालो," म्हणाली. मी मीठ चोळलं, धुतलं, पुन्हा चोळलं. उपयोग नाही हे मला ठाऊक होतं. रस्सा केला. दोघं जेवायला बसलो. कडू झालाच होता.

दोन घास खाल्ले आणि चाची उठली, "आती भाऊ," म्हणत मागच्या संडासाकडं घाईनं गेली. आली, हात धुतला, बसली. पुन्हा दोन घास, पुन्हा उठली. तिला लाज वाटली. म्हणाली, "ऐसाच है मेरा. कुठी जायचं म्हटलं की आधी संडास पहाते मी. बस में बैठने का डर लगता." आणि पुन्हा मागं गेली.

मी तिच्या ताटावर झाकण ठेवून बसलो. मला वाटलं, माझी पावशीवाली अशी जेवणातून शंभर वेळा उठली असती तरी मी रोज हे ताट झाकून बसलो असतो. जन्मभर. मला काय जड होतं? आणि लगेच तिचा आवाज ऐकू आला, जसा बाजारात यायचा तसा, सगळ्यांच्या वरून. "तुमाले चाललं असतं, अजी. उठावं मले लागलं असतं."

चाची परत आली, मांडी घालून बसली. झाकण काढलं, रश्शात बोट बुडवून चाटलं.

"कडू हाय," मी म्हणालो.

"हाय," ती म्हणाली आणि ताट पुढं केलं. "और डालो."